परत टाकलेल्या खेकड्यांचा हिशेब

अलास्का आणि रशिया यांच्या मधल्या बेरिंग समुद्रात किंग क्रॅब पकडायचा पिंजरा सहा-सात फूट लांब-रुंद असतो. पोलादी सळ्यांची चौकट, तिच्यावर नायलॉनची जाळी आणि आत माशांच्या तुकड्यांचं आमिष. रिकाम्या पिंजऱ्याचंच वजन तीनशे किलोच्या आसपास भरतं. तळाशी ठेवलेला पिंजरा यारीने वर ओढतात, कलंडवतात, आणि टेबलावर पडलेल्या ढिगातून खलाशी झपाझप निवड करू लागतात. मोठे नर टाकीत. बाकी सगळं परत पाण्यात.

टाकीत गेलेल्यांचा हिशेब आपोआप लागतो. ते डच हार्बरसारख्या बंदरात उतरतात, काट्यावर चढतात, पावती होते, पावतीची नोंद सरकारकडे जाते. परत टाकलेल्यांची पावती कोण करणार? ते किती होते, त्यात माद्या किती, लहान किती, आणि पाण्यात पडल्यावर जगले किती? येत्या सात-आठ वर्षांत बोटींच्या हाती काय लागणार हे मात्र बऱ्याच अंशी याच मंडळींवर ठरतं. म्हणून गेली साडेतीन दशकं अलास्कात बोटींवर माणसं पाठवून हा दुसरा हिशेब ठेवला जातो. मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि जास्त अवघडही.

नको असलेला खेकडा कोणता?

एका जातीसाठी जाळं किंवा पिंजरा टाकल्यावर भलतंच जे हाती लागतं त्याला बायकॅच म्हणतात. कोळंबीच्या जाळ्यात तो पाहताक्षणी कळतो, कारण कोळंबी वेगळी आणि तिच्याबरोबर आलेली बारीक मासळी वेगळी. बेरिंग समुद्रातल्या पिंजऱ्यांतही कॉड मासे, शंख, तारामासे असं काहीबाही येतं. पण इथला बहुतेक बायकॅच म्हणजे खेकडेच, आणि तेही बरेचदा त्याच जातीचे.

अलास्काचे नियम आकार, लिंग आणि हंगाम या तीन गोष्टींभोवती फिरतात. बेरिंग समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ब्रिस्टल बे भागातला लाल किंग क्रॅब कवचाच्या रुंदीत साडेसहा इंच भरला तरच ठेवायचा. स्नो क्रॅब या लहान जातीच्या खेकड्याला कायद्याने ३.१ इंच पुरतात, पण गिऱ्हाइकाला चार इंचांखालचा नको असतो, त्यामुळे मधल्या मापाचे खेकडे कायद्यात बसत असूनही बऱ्याचदा परत जातात. मादी कितीही मोठी असो, ती ठेवायची नाही. आणि कवच टाकण्याच्या व जोड्या जमण्याच्या दिवसांत मासेमारी बंद.

मादीचा नियम आपल्याकडच्या खवय्याला चमत्कारिक वाटेल. कोकणात गाभोळीने भरलेली चिंबोरी मिळाली म्हणजे जेवणाचं सोनं झालं. अलास्कात तीच बोटीवर ठेवणं गुन्हा आहे. कारण साधं आहे. लाल किंग क्रॅबची मादी एका वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत अंडी घालते आणि जवळजवळ वर्षभर ती पोटाखाली बाळगते. एक नर अनेक माद्यांशी जोडी जमवू शकतो, त्यामुळे काही मोठे नर काढून घेतले तरी पुढची पिढी अडत नाही. माद्या काढल्या तर अडते. लहान नराचंही तसंच. त्याला कायदेशीर मापाला पोचायला सात-आठ वर्षं लागतात. आज परत टाकलेला नर काही वर्षांनी टाकीत जायचा असतो, अर्थात तोवर तो जगला तर.

नको असलेला खेकडा मुळात वर येऊच नये यासाठी पिंजऱ्यातही सोयी केलेल्या असतात. किंग क्रॅबच्या पिंजऱ्याच्या एका उभ्या बाजूचा निदान एक तृतीयांश भाग नऊ इंची मोठ्या घराच्या जाळीचा असावा लागतो, म्हणजे लहान खेकडे त्यातून चालत बाहेर पडतात. टॅनर क्रॅब आणि स्नो क्रॅबच्या पिंजऱ्यांचं तोंड बुटकं ठेवतात, म्हणजे उंच पाठीचा किंग क्रॅब आत शिरत नाही. शिवाय जाळीत निदान १८ इंचांची एक चीर ठेवून ती सुती दोऱ्याने शिवायची असते. दोर तुटून पिंजरा तळाशी हरवला तर काही काळाने सूत कुजतं, चीर उघडते आणि आतल्यांची सुटका होते. नायलॉन कुजत नाही. सुताचा नियम नसता तर हरवलेला पिंजरा वर्षानुवर्षं खेकडे धरत आणि मारत राहिला असता.

मोठ्या घरांच्या जाळीचा उपयोग व्हायला मात्र वेळ लागतो. पिंजरा तळाशी पुरेसा राहिला तर लहान खेकडे वाट शोधतात, लगेच उचलला तर आतच सापडतात. २००५ पूर्वी ब्रिस्टल बेमध्ये सगळ्या बोटींसाठी मिळून एकच कोटा असायचा आणि जो आधी पकडेल त्याचं. अडीचशेच्या आसपास बोटी एकाच वेळी तुटून पडायच्या आणि अख्खा हंगाम काही दिवसांत आटपायचा. पिंजरा टाक की उचल, टाक की उचल. वादळात माणसं मरायची ती वेगळीच. २००५ मध्ये प्रत्येकाला कोट्याचा ठरावीक वाटा मिळाला. लाल किंग क्रॅबवर जाणाऱ्या बोटी नव्वदच्या आत आल्या, हंगाम महिन्यांवर गेला आणि पिंजरे निवांत तळाशी राहू लागले. बायकॅचचा विचार करताना आपण जाळी आणि दोर यांच्याकडे पाहतो. घाई हेही एक अवजारच आहे, हे या उदाहरणातून दिसतं.

बोटीवरचा परका माणूस

अलास्काने खेकड्यांच्या बोटींवर निरीक्षक बसवायला १९८८ मध्ये सुरुवात केली. पहिली पाळी समुद्रातच खेकडे सोलून, उकडून गोठवणाऱ्या मोठ्या बोटींची आली, आणि त्यामागे व्यावहारिक कारण होतं. अशा बोटीवर खेकडा मधोमध फोडतात, पायांचे जुडगे तेवढे ठेवतात आणि पाठीचं कवच व पोटाखालची झाकणी समुद्रात फेकतात. खेकडा पुरेसा मोठा होता का हे पाठीवरून कळतं, नर होता की मादी हे झाकणीवरून. दोन्ही पुरावे पाण्यात गेल्यावर बंदरातला इन्स्पेक्टर गोठवलेल्या पायांकडे पाहून काय सांगणार? तेव्हा पाहणारा माणूस बोटीवरच हवा.

पुढे जिवंत खेकडे बंदरात आणणाऱ्या नेहमीच्या बोटींवरही निरीक्षक जाऊ लागले. तिथे उद्देश थोडा बदलला. या बोटी पूर्ण खेकडे उतरवतात, म्हणजे ठेवलेला माल किनाऱ्यावर तपासता येतो. बोटीवर बसून पाहायचं ते परत टाकलेलं.

निरीक्षकाचा दिवस कंटाळवाणा आणि निसरडा असतो. कोणता पिंजरा तपासायचा हे आधीच यादृच्छिक पद्धतीने ठरवून ठेवलेलं असतं, म्हणजे तांडेलाला किंवा खुद्द निरीक्षकाला सोयीचा पिंजरा निवडता येत नाही. तो पिंजरा वर आला की त्यातलं काहीही फेकायच्या आधी सगळं निरीक्षकाकडे येतं. प्रत्येक खेकड्याची जात, नर की मादी, कवचाचं माप, आणि तो कायद्याने ठेवण्याजोगा आहे की नाही. मादी असेल तर पोटाखाली अंडी आहेत का, किती भरगच्च आहेत, कुठल्या टप्प्याची आहेत. याच्या जोडीला ठिकाण, खोली आणि पिंजरा तळाशी किती तास होता. असा सविस्तर तपास थोड्याच पिंजऱ्यांचा होऊ शकतो, म्हणून आणखी काही पिंजऱ्यांत नुसती मोजदाद करतात: जात, लिंग, माप चालेल की नाही, आकडा, पुढचा पिंजरा.

मापाचीही एक गंमत आहे. कायदा रुंदी मोजतो, तीही इंचांत आणि कवचाच्या कडेचे काटे धरून. शास्त्रज्ञ लांबी मोजतात, मिलिमीटरमध्ये, डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत. काटे झिजतात, मोडतात, म्हणून रुंदी विज्ञानाला भरवशाची वाटत नाही. साडेसहा इंच रुंदीचा खेकडा साधारण १३५ मिलिमीटर लांबीचा, असं कोष्टक मग दोघांच्या मध्ये ठेवावं लागतं.

कवच किती जुनं आहे हीदेखील नोंद होते. मऊ, नवं, जुनं, फार जुनं. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं आपल्याकडे म्हणतात. चंद्राचा भाग सोडून दिला तरी नुकतंच कवच टाकलेला खेकडा आतून पोकळ असतो हे कोणत्याही मच्छीबाजारात मान्य होईल. अलास्कात ही नोंद दोन कारणांनी लागते. मऊ कवचाचा खेकडा हाताळणीत सहज मरतो, आणि जुन्या, डागाळलेल्या, शिंपले चिकटलेल्या कवचाच्या खेकड्याला भाव कमी येतो. या दुसऱ्या कारणाने पुढे गोंधळ झाला. तो सांगतोच.

शितावरून भात

सगळ्या बोटींवर निरीक्षक बसवणं परवडत नाही. समुद्रात माल तयार करणाऱ्या बोटींवर तो नेहमीच असतो. बाकीच्या बोटींपैकी लाल किंग क्रॅबच्या हंगामात सुमारे २० टक्के निवडल्या जातात, आणि त्या बोटींवरही प्रत्येक पिंजरा तपासला जात नाही. मग एकूण आकडा येतो कुठून?

समजा, एका हंगामात सगळ्या बोटींनी मिळून ५०,००० पिंजरे उचलले. निरीक्षकांनी त्यांतले ५०० तपासले आणि त्यांत परत टाकायचे ४,००० खेकडे मिळाले. म्हणजे पिंजऱ्यामागे सरासरी ८. एकूण पिंजऱ्यांना गुणलं की ४ लाख. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच. हिशेब आणखी एका वाटेनेही करता येतो. तपासलेल्या पिंजऱ्यांवरून आधी एकूण किती खेकडे वर आले याचा अंदाज काढायचा आणि त्यातून बंदरात उतरलेले वजा करायचे. उतरलेल्यांचा आकडा पक्का असल्याने निदान एक पाय घट्ट जमिनीवर राहतो.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. समुद्र असा सारखा नसतो. माद्या एका पट्ट्यात गोळा झालेल्या असतात, मोठे नर दुसरीकडे, आणि दोन पिंजऱ्यांत मैलभर अंतर असलं तरी एकात नुसते नर आणि दुसऱ्यात नुसत्या माद्या निघू शकतात. ५०० पिंजरे योगायोगाने नरांच्याच पट्ट्यातले निघाले तर माद्यांचा आकडा खाली येईल. म्हणून निवड यादृच्छिक लागते, बोटी वेगवेगळ्या भागांत जाणाऱ्या लागतात, आणि अंदाजाबरोबर तो किती डळमळीत आहे हेही सांगावं लागतं. ‘४ लाख’ यापेक्षा ‘३ ते ५ लाखांच्या मध्ये’ हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे. बातमीत मात्र मधला आकडाच छापून येतो.

दुसरी अडचण माणसांची. निरीक्षक बोटीवर असताना तांडेल जरा जपून वागणार, माद्यांनी भरलेला पट्टा टाळणार, खलाशी खेकडे अलगद सोडणार. तोच तांडेल पुढच्या फेरीत, निरीक्षक नसताना, कसा वागतो? हे तपासायला निरीक्षक असलेल्या आणि नसलेल्या बोटींची बंदरातली पकड, जागा आणि पिंजऱ्यांची संख्या शेजारी ठेवून पाहतात. दोन्हींत मोठा फरक दिसला तर शंका घ्यायला जागा आहे. फरक दिसला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही, कारण परत टाकलेल्यांचा आकडा फक्त एका बाजूचाच हाती असतो.

पाण्यात परत गेला, पण जगला का?

आता खरी गाठ. ४ लाख खेकडे परत टाकले म्हणजे ४ लाख मेले असं नाही, आणि सगळे जगले असंही नाही. टेबलावर आपटणं, पाय तुटणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उणे तापमानातला बोचरा वारा. तळाचं पाणी थंड असलं तरी गोठलेलं नसतं. डेकवर ओला खेकडा वाऱ्यात काही मिनिटं राहिला तरी त्याचे डोळे, कल्ले, सांधे गोठू लागतात. पाण्यात सोडल्यावर तो खाली जातो आणि नजरेआड होतो. पुढे काय झालं हे पाहायला तळाशी कोणी नसतं.

शास्त्रज्ञांनी यावर एक चतुर उपाय शोधला. खेकडा सोडण्यापूर्वी त्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासायच्या: उचलल्यावर पाय पसरतो का, पाय ओढला तर मागे घेतो का, नांगी मिटतो का, डोळा आत घेतो का, तोंडाचे अवयव हलवतो का. यांतल्या किती क्रिया गेल्या हे मोजायचं. मग असे खेकडे टाकीत ठेवून कोण मरतं ते पाहायचं. जितक्या क्रिया हरवलेल्या तितकी मरणाची शक्यता जास्त, हा संबंध बराच पक्का निघाला. एकदा कोष्टक तयार झालं की बोटीवर क्षणभरात तपासणी करून अंदाज बांधता येतो.

तरीही कोटा ठरवताना ठोक आकडेच वापरतात. लाल किंग क्रॅबच्या स्वतःच्या हंगामात परत टाकलेल्यांपैकी २० टक्के मेले असं धरतात. स्नो क्रॅबसाठी पूर्वी ५० टक्के धरत, आता ३०. प्रतिक्षिप्त क्रियांवरून स्नो क्रॅबसाठी काढलेला अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो ५ टक्क्यांच्या आसपास होता. एवढी तफावत का? चाचणीत दिसतं ते येत्या काही दिवसांतलं मरण. पाय गमावलेला खेकडा महिन्याभराने उपाशी मेला, जखमेमुळे पुढच्या वेळी कवच टाकताना अडकला, किंवा अधू दिसल्यामुळे कॉडच्या तोंडी गेला, हे त्यात येत नाही. म्हणून व्यवस्थापक मुद्दाम वरचा आकडा धरतात.

आपल्या उदाहरणातले ४ लाख घ्या. २० टक्के धरले तर ८०,००० मेले. १० धरले तर ४०,०००, आणि ३० धरले तर १ लाख २० हजार. निरीक्षकाने वाऱ्यापावसात एकेक खेकडा मोजून आणलेल्या आकड्याला शेवटी अशा एका ठोकताळ्याने गुणलं जातं. हिशेबाचा सगळ्यात कच्चा दुवा मोजणीत नसून या गुणाकारात आहे, असं माझं मत आहे.

आणि हा गुणाकार थेट खिशाला लागतो. एका हंगामात खेकड्यांचं किती मरण परवडेल याची कमाल मर्यादा आधी ठरते. तिच्यात टाकीत गेलेले, परत टाकल्यावर मेलेले आणि दुसऱ्या मासेमारीत मेलेले असे सगळे धरलेले असतात. परत टाकलेले जास्त मरतात असं दिसलं की विकायला उरतात ते तेवढे कमी. त्यामुळे अलगद हाताळणीत बोटमालकाचाही फायदा आहे, आणि मृत्यूचं प्रमाण प्रत्यक्षात कमी आहे हे सिद्ध होण्यातही.

आता तो गोंधळ. २००५-०६ चा हंगाम वाटून दिलेल्या कोट्याचा पहिला हंगाम होता. वाटा ठरलेला, वेळ भरपूर. मग कमी भावाचे, जुन्या कवचाचे, शिंपले चिकटलेले खेकडे घेऊन वाटा कशाला संपवायचा? काही बोटींनी ते कायदेशीर नर परत टाकले आणि चकचकीत कवचाचे तेवढे ठेवले. बंदरातल्या पावत्यांवरून हे कोणालाही कळलं नसतं. तिथे सगळं नियमात होतं, माल तर नेहमीपेक्षा देखणा होता. कळलं ते निरीक्षकांच्या नोंदींमुळे, कारण परत टाकलेल्यांत चालणाऱ्या मापाचे नर अचानक वाढले होते. घाई कमी झाल्याने लहान खेकड्यांचा बायकॅच घटण्याची आशा असतानाच मोठ्यांचा वाढला. नियम बदलला की माणूस नवी पळवाट शोधणारच.

दुसऱ्याच्या जाळ्यातले खेकडे

खेकड्यांचा बायकॅच फक्त खेकड्यांच्या बोटींवर होत नाही. याच तळावर पोलॉक, कॉड आणि चपट्या माशांसाठी मोठी ट्रॉलरजाळी फिरतात, आणि त्यांत किंग क्रॅब सापडतात. ट्रॉलरवाल्यांना ते विकता येत नाहीत, परत टाकावे लागतात, आणि ट्रॉलमधून आलेल्यांपैकी ८० टक्के मरतात असं धरलं जातं. म्हणून या मासेमारीला खेकड्यांची वार्षिक मर्यादा घालून दिली आहे. ब्रिस्टल बेच्या परिसरातल्या एका ठरावीक पट्ट्यात ती लाल किंग क्रॅबच्या साठ्यानुसार ३२,०००, ९७,००० किंवा १,९७,००० खेकडे अशी चढत जाते. मर्यादा गाठली की तो पट्टा त्या ट्रॉलरना बंद. या बोटींवर निरीक्षकांचं प्रमाण खेकड्यांच्या बोटींपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे जाळ्यात आलेल्या खेकड्यांचा आकडा तसा विश्वासार्ह.

पण जाळ्यात न आलेल्यांचं काय? तळावरून घासत जाणारं जाळं आणि त्याचे दोर काही खेकड्यांवरून निघून जातात. ते चिरडले गेले तरी वर येत नाहीत, कोणी मोजत नाही. पोलॉकची जाळी कागदोपत्री मधल्या पाण्यातली, पण तीही बऱ्याचदा तळाला टेकतात. २०२१ आणि २०२२ मध्ये ब्रिस्टल बेचा लाल किंग क्रॅबचा हंगाम सलग दोनदा बंद राहिला, कारण प्रौढ माद्यांची संख्या ८४ लाखांच्या उंबरठ्याखाली गेली होती. स्वतःचे पिंजरे किनाऱ्यावर रचून ठेवलेल्या खेकडेवाल्यांनी मग अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे मागणी केली की खेकड्यांच्या राखीव भागात सगळ्याच अवजारांवर तातडीने बंदी घाला. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिस या केंद्राच्या मासेमारी खात्याने ती फेटाळली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकताना जाणवतं की वाद नेमका न मोजलेल्या आकड्यावर आहे, आणि मोजणीची सध्याची पद्धत तिथे पोचतच नाही.

कॅमेरा, आणि देवमासा

माणसाऐवजी कॅमेरा बसवला तर? कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, हैदा ग्वाई बेटांजवळच्या डंजनेस खेकड्याच्या बोटींवर १९९९-२००० च्या सुमारास हे सुरू झालं, आणि कारण बायकॅच नव्हतं. लोक एकमेकांचे पिंजरे उपसून चोऱ्या करत होते. मच्छीमारांनीच पुढाकार घेऊन बोटींवर कॅमेरे, जीपीएस आणि यारीवर सेन्सर लावले, बोयांत चिप बसवली. पिंजरा उचलताना चिप वाचावी लागते. दुसऱ्याची चिप निघाली की चोरी उघडी. बायकॅचसाठी कॅमेऱ्याचा उपयोग होतो तो मोजायला. खेकडा उलटून झाकणी पाहणं, अंड्यांचा रंग तपासणं, कवच दाबून मऊ आहे का बघणं, ही कामं वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जमत नाहीत.

काही बायकॅच तर बोटीवर दिसतच नाही. कॅलिफोर्नियात डंजनेस खेकड्याच्या पिंजऱ्यापासून बोयापर्यंत उभा दोर असतो, आणि त्यात हंपबॅक देवमासे अडकतात. २०१५-१६ च्या हंगामात समुद्राचं पाणी विलक्षण तापलं, विषारी शैवालामुळे खेकड्यांचा हंगाम नोव्हेंबरवरून मार्चअखेरीपर्यंत लांबला, आणि पिंजरे नेमके पाण्यात पडले ते देवमासे किनाऱ्याजवळ खायला आले तेव्हा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर देवमासे दोरांत अडकल्याच्या ७१ खबरा आल्या. सगळे दोर खेकड्यांचे नव्हते, पण बरेच होते. इथे पाचातल्या एका बोटीवर निरीक्षक बसवून काही हाती लागत नाही. घटना विरळ, आणि अडकलेला देवमासा दोर घेऊन कुठल्या कुठे निघून जातो. म्हणून तिथे नजर उलट्या बाजूने ठेवतात. विमानातून आणि जहाजांतून देवमाशांची मोजदाद, पाण्यात किती पिंजरे आहेत याची मच्छीमारांकडून नियमित माहिती, आणि दोरावर खूण, म्हणजे तो कुठल्या मासेमारीतला हे नंतर ओळखता यावं. खटला, तडजोड असं होत नोव्हेंबर २०२० पासून ही पद्धत नियमांत बसली. देवमासे जास्त दिसले की हंगाम लांबतो, पिंजरे कमी करावे लागतात किंवा भाग बंद होतो.

दहा अब्ज कुठे गेले?

बेरिंग समुद्राकडे परत येऊ, कारण या नोंदींचा सगळ्यात मोठा उपयोग एका आपत्तीत झाला. २०१८ नंतर तीन वर्षांत तिथले दहा अब्जांहून अधिक स्नो क्रॅब नाहीसे झाले. २०२०-२१ चा कोटा साडेचार कोटी पौंड होता. पुढच्या वर्षी तो ५६ लाखांवर आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदाच बंद झाला. त्यात साठा मोजायला सरकार दरवर्षी करतं ते उन्हाळी सर्वेक्षण २०२० मध्ये कोविडमुळे रद्द झालेलं, त्यामुळे नेमक्या मधल्या वर्षाचा आकडाच नाही.

संशय साहजिकच बायकॅचवरही गेला. ट्रॉलरनी मारले का? परत टाकताना मेले का? की कॉडनी खाल्ले, रोग पडला, एकमेकांना खाल्लं? २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने या सगळ्या शक्यता आकड्यांनिशी तपासल्या. पुरावा सगळ्यात जास्त जुळला तो २०१८-१९ च्या उष्णतेच्या लाटेशी. पाणी तापल्यावर खेकड्यांची भूक वाढली, ते आक्रसलेल्या थंड पट्ट्यात दाटीने राहत होते, आणि बहुधा उपासमारीने मेले. बायकॅचला दोषमुक्त करता आलं, कारण त्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. नसत्या तर ट्रॉलरवाले आणि खेकडेवाले आजही एकमेकांकडे बोट दाखवत बसले असते.

हंगाम बंद झाला की एक विचित्र गोष्ट होते. बोटी जात नाहीत, म्हणून निरीक्षकही जात नाहीत, आणि हिवाळ्यात तळाशी काय चाललंय याची सविस्तर माहिती नेमकी तेव्हा आटते जेव्हा ती सगळ्यात जास्त हवी असते. उन्हाळी सर्वेक्षण तेवढं उरतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम पुन्हा उघडला, ४७ लाख पौंडांच्या कोट्यावर. इतक्या लहान कोट्यात परत टाकलेल्यांच्या अंदाजातली चूक फार महागात पडते. साडेचार कोटी पौंडांच्या काळात २ लाख पौंड इकडेतिकडे झाले तर ते अर्ध्या टक्क्याच्या आत होते. ४७ लाखांच्या कोट्यात तीच चूक चार टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे साठा जितका लहान, तितके जास्त पिंजरे निरीक्षकांनी तपासायला हवेत. आणि अशाच वर्षी खेकडे कमी, कमाई कमी, त्यामुळे निरीक्षकांच्या पगाराला पैसेही सगळ्यात कमी असतात.